गॉगल काढा, गॉगल घाला

४ मार्च जवळ आला की कारखान्यात दोन गोष्टी हमखास होतात. गेटवरचा सुरक्षेचा फलक नव्याने रंगतो, आणि सेफ्टीच्या बजेटमधली उरलेली रक्कम ३१ मार्चच्या आत संपवायची घाई सुटते. १९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो राष्ट्रीय सुरक्षा दिन. ३१ मार्चचं माहात्म्य वेगळं सांगायला नको. या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी तुमच्या टेबलावर एक पांढरा खोका येऊन पडतो. आत व्हीआर हेडसेट असतो, आणि सोबत वरून निरोप असतो की यंदापासून कामगारांना पीपीई, म्हणजे संरक्षक साधनं, घालायला यावरच शिकवायचं.

अभिनंदन. ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. तुम्ही नवे सेफ्टी ऑफिसर आहात, कारखाना रसायनांचा आहे, तो तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ अशा एखाद्या औद्योगिक वसाहतीत आहे, कायम कामगार मूठभर आणि ठेकेदाराचे मोप आहेत, असं धरून पुढचं लिहिलंय. यातलं काहीच लागू होत नसेल तर तुम्ही बहुधा मुख्य कार्यालयात बसता. तुम्ही हे वाचलं नाही तरी चालेल, फोटो पाठवले जातील.

पहिली पायरी, खोली. हेडसेट घातलेल्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून त्याच्याभोवती साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा मोकळी लागते. तुमचा ट्रेनिंग हॉल म्हणजे गेल्या वर्षीचे बॅनर, मोडक्या खुर्च्या आणि रिकामे ड्रम ठेवायची जागा. ड्रम हलवताना ते कुणाच्या पायावर पडणार नाहीत एवढं बघा. व्हीआरच्या तयारीत झालेला अपघात रजिस्टरच्या कुठल्या रकान्यात लिहायचा, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांतून ऊन आत शिरलं की आतला पडदा कायमचा भाजतो, आणि मग 'उपकरणाची काळजी घेण्याचं प्रशिक्षण' तुम्हालाच घ्यावं लागतं.

शिकणाऱ्याच्या शेजारी एक माणूस उभा करा. शिकणारा भिंतीवर डोकं आपटणार नाही, हे बघायचं एवढंच त्याचं काम. मग डोक्यात हेल्मेट का नाही घालायचं, असं कुणीतरी विचारेलच. हेडसेटवर हेल्मेट बसत नाही, हे त्याला शांतपणे सांगा.

दुसरी पायरी, माणसं. ठेकेदाराच्या मुकादमाला 'वीस जण पाठव' असा फोन केला की तो वीस जण पाठवतो. फक्त ते कोण, हे तो ठरवतो. अ‍ॅसिड चार्ज करणारा येणार नाही, त्याची बॅच चालू असते. ड्रायरवरचा येणार नाही, त्याच्या जागी कुणी नाही. येतील ते दोन माळी, कॅन्टीनमधला पोरगा, कालच भरती झालेले हेल्पर आणि रात्रपाळी करून घरी निघालेले तिघे, ज्यांना गेटवरून परत फिरवलेलं असतं. हजेरीपत्रकावर वीस सह्या झाल्या की पायरी पूर्ण.

तिसरी पायरी नीट वाचा, इथे नवशिके गोंधळतात. पीपीई घालायला शिकायचं तर अंगावरची पीपीई आधी काढावी लागते. हेल्मेट काढा. सेफ्टी गॉगल काढा. नंबरचा चष्मा असेल तर हेडसेटमध्ये मावतो का बघा, नाही मावला तर तोही काढा. हातमोजे काढा, नाहीतर बोटांना कंट्रोलरची बटणं लागत नाहीत. बूट काढायला कुणी सांगितलेलं नसतं, तरी निम्मे लोक ते दाराबाहेरच काढून येतात. खाली गालिचा, वर एसी, समोर साहेब, म्हणजे पायातलं बाहेर, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. अशा रीतीने अनवाणी, उघड्या डोक्याचा, मोकळ्या हातांचा माणूस संपूर्ण संरक्षणाचं प्रशिक्षण घ्यायला सज्ज होतो.

या यंत्राच्या घराण्याची रीतच तशी आहे. अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायचा असा पडदा तयार केला, तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. डोक्यावर काही पडू नये याची तालीम आज ज्यावर देतात, त्याचा मूळ पुरुषच डोक्यावर टांगलेला होता.

आजचा हेडसेट हलका आहे, पण त्याला घाम आणि खोबरेल तेल माहीत नव्हतं. चौथ्या माणसापर्यंत त्याची गादी ओलीचिंब होते. प्रत्येकामागे पुसा, नाहीतर पहिल्याच्या डोळ्यांची साथ विसाव्यापर्यंत पोचेल. शिवाय चक्कर. डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण जागेवरच आहोत, आणि या भांडणात पोट ढवळतं. रात्रपाळीवाल्यांना हे लवकर होतं. त्यांना खुर्चीत बसवा, दहा-पंधरा मिनिटांत सोडा, आणि एक बादली जवळ ठेवा. बादलीचा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

चौथ्या पायरीत भाषा निवडायची असते. यादीत इंग्रजी, स्पॅनिश आणि मँडरीन आहे. तुमच्या रांगेत मराठी, ओडिया आणि भोजपुरी आहे. इंग्रजी दाबा आणि पुढे चला.

आता आत शिरू. आभासी कारखान्यात पाऊल टाकताच जाणवते ती स्वच्छता. पाइपलाइनी ताज्या रंगवलेल्या, फरशीवर पिवळे पट्टे, कुठे गंज नाही, कसला वास नाही. एका फ्लँजमधून हिरवट थेंब गळतोय आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ लुकलुकतंय. धोका ओळखा, गुण दहा. तुमच्या प्लांटमध्येही अ‍ॅसिडच्या लाइनवर असाच एक फ्लँज आहे. त्याच्याभोवती वर्तुळ नाही. त्याच्याखाली तारेने बांधलेली प्लास्टिकची बादली आहे. तिचा मूळ निळा रंग आता कुणाला आठवत नाही, कडेला पांढरा थर चढलाय, आणि ती इतके दिवस तिथे लटकतेय की नवा माणूस तिला यंत्राचाच भाग समजतो. मेंटेनन्सच्या वहीत तिला नंबर द्यायचा तेवढा राहिलाय.

सेफ्टीच्या कुठल्याही अभ्यासक्रमात सुरुवातीलाच एक उतरंड शिकवतात. धोका मुळातून काढा. नाही जमलं तर कमी घातक पदार्थ वापरा. तेही नाही तर यंत्रातच बंदोबस्त करा. मग कामाची पद्धत बदला. हे सगळं करून जे उरेल, त्याच्यासाठी पीपीई. म्हणजे ज्या गोष्टीसाठी खोका आला ती यादीत शेवटची. गॅस्केट बदललं तर थेंब थांबतो, आणि फ्लँजवर गार्ड बसवलं तर उद्या गॅस्केट फाटलं तरी फवारा तोंडावर उडत नाही. पण गॅस्केटचं उद्घाटन करता येत नाही, फ्लँजच्या गार्डबरोबर फोटो चांगला येत नाही, आणि हे काम मेंटेनन्सच्या बजेटचं असल्यामुळे ते तुमचं नाही. तुम्ही वर्तुळाला हात लावून दहा गुण घ्या.

पुढे कपाट येतं. हेल्मेट, गॉगल, ग्लोव्ह्ज, अ‍ॅप्रन, गमबूट ओळीने हवेत तरंगत असतात. बटण दाबलं की 'टिंग' आवाज होतो आणि वस्तू उडून अंगावर बसते. दुसरं 'टिंग', दुसरी वस्तू. काही सेकंदांत माणूस नखशिखांत सज्ज आणि समोर हिरवी बरोबरची खूण. क्रम चुकला तर यंत्र पुन्हा करायला लावतं, आणि हे काम ते खरोखर चांगलं करतं. न कंटाळता, न ओरडता, कितीही वेळा. इतकी सहनशक्ती कुठल्याही सेफ्टी ऑफिसरकडे मी पाहिलेली नाही.

मात्र 'टिंग'मध्ये काय काय गेलं ते बघा. हेल्मेटच्या मागचा खटका फिरवून पट्टा आवळणं गेलं. हनुवटीचा पट्टा गेला, जो नसेल तर माणूस वाकला की हेल्मेट आधी खाली पोचतं. कवच आणि डोकं यांच्यामधली मोकळी जागा धक्का पचवायला असते, तिथे रुमाल, तंबाखूची पुडी किंवा मोबाइल ठेवायचा नसतो, हे गेलं. हेल्मेट उलटं करून आतली छोटी चकती वाचणं गेलं. तिच्यावर बाण असतो आणि तो बनवल्याचा महिना दाखवतो. एकदा तुमच्या कारखान्यातली हेल्मेटं उलटी करून बघाच. काही चकत्या असं वर्ष दाखवतील, जेव्हा ते हेल्मेट घालणारा पोरगा शाळेत होता.

ग्लोव्ह्ज आणि गमबुटांची गोष्ट त्याहून बारीक आहे. पँट बुटात खोचली की रुबाबदार दिसते. यंत्रातला माणूस तशीच खोचतो. अ‍ॅसिड हाताळताना पँट बुटाच्या बाहेर सोडायची असते, नाहीतर मांडीवर उडालेलं ओघळत थेट बुटात जातं आणि बूट काढेपर्यंत पाय त्यात भिजत राहतो. डोक्याच्या वरचा व्हॉल्व्ह उघडायचा असेल तर ग्लोव्हची कड बाहेरून दुमडायची, म्हणजे ओघळ काखेपर्यंत न येता त्या घडीत अडतो. हे मला कुठल्या पडद्याने नाही, एका जुन्या ऑपरेटरने दाखवलं. प्लांटमध्ये त्यांना सगळे मामा म्हणत. "साहेब, पाणी वरनं खाली जातंय, तेवढं ध्यानात ठेवा, बाकी पुस्तक नको." मामांचं मॉड्यूल कुणी बनवलेलं नाही.

पाचवी पायरी, उंची. तुमच्या सुरक्षा सप्ताहातला सर्वांत गाजणारा कार्यक्रम हाच. कामगार आभासी इमारतीच्या कडेला उभा राहतो, सेफ्टी बेल्ट लावायला विसरतो आणि बाराव्या मजल्यावरून कोसळतो. अपेक्षा अशी की तो हादरेल. पहिला खरोखरच हादरतो. त्याचे गुडघे वाकतात, तो हवेत हात मारतो, शेजारचा माणूस त्याला धरतो. मग तो हेडसेट काढतो, घाम पुसतो, हसतो आणि म्हणतो, "साहेब, पुन्हा पाडा ना." दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये बातमी पोचलेली असते. आता जी रांग लागते ती बेल्ट लावायला नाही, पडायला. अकाउंट्समधले दोघेही पडून जातात. मुकादम तीनदा पडतो. हजेरीपत्रकासाठी यापेक्षा चांगला दिवस तुम्हाला मिळणार नाही.

जो शहाणा बेल्ट लावतो, त्याच्यासाठी यंत्रात टाळ्या वाजतात आणि कार्यक्रम संपतो. खऱ्या उंचीवर गोष्ट तिथून सुरू होते. पाठीवरची कडी दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये बसली आहे का, मांडीच्या पट्ट्यात सपाट हात जातो पण मूठ जात नाही ना, हुक डोक्याच्या वर अडकवलाय की पायाशी, एक हुक काढण्याआधी दुसरा लावला का. आणि एवढं सगळं करून पडलेला माणूस बेल्टमध्ये लटकतो तेव्हा पायांत रक्त साकळायला लागतं. त्याला काही मिनिटांतच खाली घ्यावं लागतं. कोण घेणार, कशाने घेणार, शिडी कुठे आहे, हा प्रश्न यंत्र विचारत नाही. टाळ्यांच्या आवाजात तो ऐकूही आला नसता.

सहावी पायरी मास्कची, आणि इथे मी थट्टा जरा बाजूला ठेवतो. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, टाकीत एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उडी घेतो, तोही पडतो. मग तिसरा. ही बातमी आपण इतक्यांदा वाचलीय की तिचा मजकूर पाठ आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. साधारण १०० पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं आणि वास 'गेला' असं वाटतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हवेत ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कार्ट्रिजचा मास्क काही कामाचा नाही, कारण तो हवा गाळतो, हवा आणत नाही. आपला माणूस समोर पडलेला असताना उडी न मारणं, बाहेर उभं राहून ओरडणं, श्वसनाचा सेट येईपर्यंत थांबणं, हे भाषणाने येत नाही आणि खऱ्या टाकीत शिकवता येत नाही. हे व्हीआरने शिकवावं. आग, वायुगळती, बंद टाकी, या तीन गोष्टींसाठी खोक्याचे पैसे वसूल आहेत, आणि नेमकी हीच मॉड्यूलं 'प्रीमियम' म्हणून वगळलेली असतात.

पण मास्क घालणं मात्र यावर शिकवू नका. मास्क चेहऱ्याला चिकटलाय का हे बघायचं तर दोन्ही कार्ट्रिज तळव्यांनी झाकून श्वास आत ओढायचा. मास्क तोंडावर दबला आणि दबलेलाच राहिला तर ठीक, कडेने हवा आली तर पट्टे पुन्हा आवळायचे. दोन दिवसांची दाढी असली तरी कड बसत नाही. हेडसेटखाली मास्क घातला तर दोघे नाकाच्या दांड्यावर भांडतात, आणि न घातला तर माणूस हवा झाकून हवा ओढतो. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे, त्यांच्यासाठी पंख्याने शुद्ध हवा ढकलणारे सैल टोप मिळतात. ते महाग असतात. म्हणून दाढी हा कारखान्यात शिस्तीचा प्रश्न समजला जातो.

वैमानिक सिम्युलेटरवर शिकतात, मग कामगार का नाही, असा युक्तिवाद विक्रेता करेल. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांसाठी असं यंत्र केलं हे खरं. पण त्यात बसणाऱ्याच्या हातात खरी दांडी असते आणि पायाखाली खरे पेडल. विक्रेत्याला चहा पाजा आणि त्याच्याकडून एवढंच करून घ्या: पडद्यावर उंची दिसू दे, पण अंगावर खरा बेल्ट असू दे. 'टिंग'च्या जागी टेबलावर खरी वस्तू ठेवा, ती घालून झाल्याशिवाय चित्र पुढे सरकवू नका. असं केलं की हे खेळणं कामाचं होतं. मात्र त्यामुळे एका माणसाला दहाऐवजी चाळीस मिनिटं लागतात आणि हजेरीपत्रक भरत नाही. निर्णय तुमचा.

उतरवण्याची पायरी सॉफ्टवेअरमध्ये बहुधा नसतेच. घालून झालं की अभिनंदन. करोनाच्या काळात डॉक्टर-नर्सेसना हे चांगलं कळलं की घालताना नाही, काढताना लागण होते. अ‍ॅसिडचंही तसंच. ग्लोव्ह्ज आधी हातावरच धुवायचे, मग बाहेरच्या बाजूला मनगटाशी चिमटीत धरून उलटे सोलायचे. गॉगल सगळ्यात घाईत काढला जातो, त्याच बोटांनी, ज्यांच्यावर अजून थेंब असतो. प्लांटमध्ये हे नळाशी उभं राहून पाच मिनिटांत शिकवता येतं. नळाला पाणी असेल तर.

शेवटची पायरी, प्रमाणपत्र. हेडसेट प्रत्येकाचे गुण स्वतःच नोंदवतो, नाव, तारीख, वेळ, टक्के. ही सोय कुणासाठी आहे ते समजून घ्या. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कलम १११ अ नुसार कामगाराचा हक्क ठरला. तुमच्या फाइलमध्ये मात्र तो व्यवस्थापनाचा बचाव होतो. पुढे कधी कुणाचा डोळा गेला तर चौकशीच्या अहवालात एक ओळ तयार असते: 'सदर कामगाराने पीपीई वापरली नाही. त्यास प्रशिक्षण देण्यात आले होते, गुण ९२ टक्के.' ज्याचा डोळा गेला त्याच्याकडे हेडसेटमधला एक आकडा असतो आणि कंपनीकडेही तोच असतो, पण उपयोग एकालाच होतो. खोका विकत घ्यायची खरी घाई कुणाला होती, हे इथे उलगडतं.

आता त्या ९२ टक्केवाल्याबरोबर स्टोअरमध्ये जा. पहिली पाळी सातला सुरू होते, स्टोअर नऊला उघडतं. स्टोअरवाला विचारतो, जुने ग्लोव्ह्ज कुठे? जुने जमा केल्याशिवाय नवे नाहीत. जुने अ‍ॅसिडने विरघळले, असं सांगितलं तर स्लिपवर एचओडींची सही लागते. एचओडी मीटिंगमध्ये, आणि मीटिंग व्हीआरच्या यशाबद्दल. सही मिळाली की कळतं, आहेत ते सगळे दहा नंबरचे. पॅकिंगमधल्या बायकांच्या हातात ते मनगटापर्यंत पोकळ राहतात, बोटांच्या टोकाशी इंचभर रबर लोंबतं आणि बाटलीचं झाकण धरता येत नाही, म्हणून त्या ते काढून बाजूला ठेवतात. मग फलाटावरून जाताना साहेब ओरडतात, "ताई, ग्लोव्ह्ज कुठायत? ट्रेनिंग दिलंय ना?" आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ताईंना ठाऊक असतं, पण साहेबांना सांगणार कोण. बुटांचे पैसे ठेकेदार पगारातून कापतो. कायद्याने असं कापता येत नाही, १९४८ च्या कारखाने अधिनियमातही येत नव्हतं आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही येत नाही. हे मॉड्यूल मराठी, ओडिया आणि भोजपुरीत कुणी बनवलं तर रांग पडण्याच्या मॉड्यूलपेक्षा लांब लागेल.

तेव्हा नव्या सेफ्टी ऑफिसरसाहेब, खोका उघडण्याआधी एवढं करा. बादलीच्या वरच्या फ्लँजची वर्क ऑर्डर आजच लिहा आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. स्टोअर पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास उघडेल असं लेखी घ्या. आणि ग्लोव्ह्जचं इंडेंट काढताना नुसतं 'रबरी, १०० जोड' लिहू नका. आठ, नऊ आणि दहा नंबर वेगवेगळे लिहा, पॅकिंगसाठी सात नंबर घाला, आणि ३१ मार्चच्या आत मागवा.